बेकारीचा दाखला मालकाने का द्यायचा?

एकोणीस वर्षं मी एका कारखान्याचं टाइम ऑफिस सांभाळलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा, साडेतीनशे माणसांचा कारखाना. त्यातली कायम ऐंशी-नव्वद, उरलेली ठेकेदाराची. ठेकेदाराचं ऑफिस म्हणजे एक मोबाईल आणि एक रबरी शिक्का, त्यामुळे त्याच्या माणसांचं पीएफ आणि ईएसआयचं (म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं) चलनही मीच भरायचो. ईएसआयसाठी दर महिन्याला एक एक्सेल फाईल चढवावी लागते. विमा क्रमांक, नाव, हजेरीचे दिवस, पगार. आणि ज्याचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारण. कारण शब्दांत लिहायचं नसतं, आकडा टाकायचा असतो. रजेवर असेल तर १, नोकरी सोडली तर २, निवृत्त झाला तर ३. खाली खाली जात संप-टाळेबंदीला ९, कामगारकपातीला १०, काम नाही त्याला ११.

ही पद्धत ऑनलाइन झाल्यापासून मी निवृत्त होईपर्यंत १० हा आकडा मी एकदाही टाकला नाही. माणसं काढली नाहीत असं मुळीच नाही. २०१९ मध्ये वाहन उद्योग बसला तेव्हा एका महिन्यात साठ-पासष्ट जण घरी गेले. सगळ्यांपुढे २. मला कुणी तसा लेखी हुकूम दिला नव्हता. द्यायची गरजच नव्हती. फाईलमध्ये प्रत्येकाचा राजीनामा लावलेला असायचा.

तो राजीनामा कसा यायचा तेही सांगतो. केबिनमध्ये टेबलावर दोन कागद ठेवलेले. एक फुल अँड फायनलचा हिशेब, दुसरा टाइप केलेला राजीनामा, 'कौटुंबिक कारणामुळे', खाली नावाची आणि तारखेची जागा मोकळी. पहिला कागद हवा असेल तर दुसऱ्यावर सही करायची. एकाने विचारलं होतं, "साहेब, तारीख काय टाकू?" साहेब म्हणाले, "तारीख राहू दे, आम्ही टाकतो."

हे सगळं इतकं नेहमीचं आहे की कोणत्याही एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर तुम्हाला याहून तिखट किस्से ऐकायला मिळतील. पण त्या २ चं पुढे काय होतं, याचा विचार मी खुर्चीत असेपर्यंत केला नव्हता. आता संध्याकाळी वाचनालयात बसून लोकांचे फॉर्म भरून देतो, तेव्हा तो आकडा वरचेवर समोर येऊन बसतो.

आपल्या देशात बेकारभत्ता नाही असा बहुतेकांचा समज आहे. तो आहे, मोजक्या लोकांसाठी. ज्याचा पगार महिना २१ हजारांच्या आत आहे आणि ज्याच्या पगारातून ईएसआयचे पाऊण टक्का कापले जातात (मालक वर सव्वातीन टक्के भरतो), त्याच्यासाठी दोन योजना आहेत. १ एप्रिल २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणि १ जुलै २०१८ पासूनची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. पहिली मिळते कारखाना बंद पडला, कामगारकपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघाताने कायमचं अपंगत्व आलं तर, आणि ती चालते जास्तीत जास्त २४ महिने. दुसरी आयुष्यात एकूण ९० दिवस. सुरुवातीला ती सरासरी कमाईच्या २५ टक्के होती. कोविडच्या वर्षी ती ५० टक्के केली आणि नव्वद दिवस थांबायची अट तीस दिवसांवर आणली.

आता हिशेब करा. १८ हजार पगार असलेला माणूस. अटल योजनेत त्याला तीन महिने नऊ-नऊ हजार, म्हणजे सगळे मिळून २७ हजार. तोच माणूस कागदोपत्री 'कपात झालेला' असेल, तर राजीव गांधी योजनेत पहिल्या वर्षातच १ लाख ८ हजारांच्या घरात जातो, शिवाय त्या काळात स्वतःला आणि घरच्यांना ईएसआयच्या दवाखान्यात उपचार चालू राहतात. एका रकान्यातल्या २ आणि १० मध्ये एवढं अंतर आहे. आणि तो रकाना भरतो कोण, तर ज्याने काढलं तो.

मालक १० का टाकत नाही, हे त्याच्या जागी बसून पाहिलं की कळतं. ईएसआयच्या वर्गणीत त्याचं काही जात नाही. दहा जणांना भत्ता मिळाला म्हणून त्याचे सव्वातीन टक्के साडेतीन होत नाहीत. अमेरिकेत तसं होतं. तिथे ज्याचे कामगार जास्त दावे करतात त्या मालकाचा बेकारी-कर वाढतो, म्हणून मालक दाव्याला आडवे जातात. आपल्या मालकाची भीती वेगळी आहे. 'कपात' हा शब्द त्याने सरकारी नोंदीत लिहिला की तो कामगार न्यायालयात पुरावा होतो. मग महिन्याची नोटीस दिली होती का, प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार दिला का, शेवटी आलेल्याला आधी काढलं का, हे सगळे प्रश्न उभे राहतात. नव्या औद्योगिक संबंध संहितेने तर कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे पंधरा दिवसांचा पगार कौशल्य निधीत भरायला सांगितला आहे. हेतू चांगला आहे. पण त्यामुळे 'कपात' हा शब्द आणखी महाग झाला, आणि राजीनाम्याचा टाइप केलेला कागद आणखी स्वस्त. मुदतीच्या करारावर घेतलेल्याची मुदत संपली तर ती कपात धरतच नाहीत, म्हणजे ती वाट आणखी सोपी.

थोडक्यात, आपण मालकाकडे दाखला मागत नाही, कबुलीजबाब मागतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातला प्रकार. मालकांना चोर म्हणायचं नाही मला, मी त्यांच्याच पगारावर घर बांधलं. पण ज्याला खरं लिहिल्याने तोटा आणि खोटं लिहिल्याने फायदा, त्याच्याकडेच खऱ्याची नोंद ठेवायला देणारी व्यवस्था बावळट आहे, एवढं तरी म्हणू द्या. चुकीचं विवरण भरणं हा मालकासाठीही कायद्याने गुन्हाच आहे. त्या एका रकान्यासाठी कुणाला नोटीस आल्याचं माझ्या पाहण्यात मात्र नाही.

महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमी सुरू झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, पुढे त्याच वाटेने २००५ चा केंद्राचा कायदा आला. त्यातही बेकारभत्ता होता: काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर पहिले तीस दिवस मजुरीचा चौथा हिस्सा, नंतर निम्मा. कागदावर याहून स्वच्छ काही असू शकत नाही. पण पंधरा दिवस मोजायचे तर पहिला दिवस ठरायला हवा, आणि तो ठरतो अर्जाच्या तारीख घातलेल्या पोचपावतीवरून. ती पावती द्यायची ज्या यंत्रणेने, काम दिलं नाही म्हणून उत्तर द्यायचं तिनेच. म्हणून गावोगाव मजुरांच्या संघटनांचं अर्धं भांडण कामासाठी कमी आणि त्या पोचपावतीसाठी जास्त व्हायचं. नमुना ४, म्हणजे काम मागायचा अर्ज, भरून दिला, तर "ठेवून जा, बघतो" असं उत्तर. पावती नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे भत्ता नाही.

आणि गिरणी कामगारांच्या वेळी तर तेवढंही नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, गिरण्या पुढे एकेक करून मोडीत निघाल्या. त्यांच्याकडे ईएसआयचं कार्ड होतं, वर्षानुवर्षं वर्गणी कापलेली होती. बेकारीसाठी त्यातून एक रुपया द्यायची तरतूद यायला पुढे तेवीस वर्षं लागली. लालबाग-परळमध्ये पाट्या टाकून भाजी विकायला बसलेली माणसं ज्यांनी पाहिली, त्यांना मी वेगळं काय सांगू.

माझ्यापुढे बसलेल्या एका वेल्डरची गोष्ट सांगतो, कारण त्यात सगळे अडथळे एकाच माणसाला भेटले. सात वर्षं एकाच शेडमध्ये काम, पण तीन ठेकेदारांच्या नावावर. मधूनमधून 'ब्रेक'. जुलै २०२० मध्ये व्हॉट्सॲपवर मेसेज आला, उद्यापासून येऊ नको. ऑगस्टमध्ये हिशेबाला बोलावलं आणि राजीनाम्यावर सही घेतली. दिवाळीच्या सुमारास त्याच्या मेहुण्याने मोबाईलवर बातमी दाखवली की ईएसआयचा निम्मा पगार मिळतो.

पहिला अडथळा विमा क्रमांकाचा. दुसऱ्या ठेकेदाराच्या वेळी कुणीतरी जुना क्रमांक न विचारता नवा काढला होता. दोन वर्षांची विमापात्र नोकरी, लगतच्या वर्गणी काळात (तो सहा महिन्यांचा असतो) ७८ दिवस आणि आधीच्या तिनांपैकी एकात ७८ दिवस, ही अट त्याने तीनदा पूर्ण केली असती. पण अर्धे दिवस एका क्रमांकावर, अर्धे दुसऱ्यावर. दुसरा अडथळा नावाचा. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत किती प्रकारे लिहितात ते बँकेच्या पासबुकांना विचारा. आधारवर ते 'डी-एन'ने सुरू होतं, पासबुकात 'जी-वाय'ने, आणि ईएसआयच्या नोंदीत नुसतं आद्याक्षर आणि आडनाव. तिसरा अडथळा प्रतिज्ञापत्राचा. योजनेच्या मूळ नियमात अर्ज वीस रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करायचा होता. वीसचा मागितल्यावर स्टॅम्पवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं म्हणे, की जणू हा चार आण्याचं नाणं मोडायला आलाय. त्याच महिन्यात प्रतिज्ञापत्राची अट सरकारने काढून टाकली. याचे शंभर रुपये तोवर गेलेले.

हे तिन्ही सुटले. क्रमांक जोडले गेले, नाव दुरुस्त झालं, त्यासाठी शाखा कार्यालयात सात खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला एक रोजंदारी बुडाली (तो तोवर गवंड्याच्या हाताखाली जायला लागला होता). चौथा अडथळा मात्र एका ओळीचा होता. दावा नामंजूर, कारण: नोकरी सोडली. खाली कुणाची सही नाही, कुठल्या नियमाखाली ते नाही, आता कुणाकडे जायचं ते नाही.

माझं सगळ्यात मोठं भांडण त्या कोऱ्या जागेशी आहे. नियम सांगतो की गैरवर्तनाची शिक्षा, निवृत्ती आणि स्वेच्छानिवृत्ती यांतून आलेल्या बेकारीला भत्ता नाही. दबावाखाली दिलेला राजीनामा यातल्या कशात बसतो? टेबलामागचा कारकून म्हणतो, राजीनामा म्हणजे स्वेच्छा. मीही कारकूनच होतो, त्याचं मला कळतं. त्याला कागद दिसतो, केबिन दिसत नाही. पण म्हणूनच त्याच्या वर कुणीतरी असा हवा की जो कामगाराला समोर बसवून विचारेल, आणि मालकालाही. अमेरिकेच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात राज्यांना पैसे देण्याची अटच अशी आहे की ज्याचा बेकारीचा दावा फेटाळला त्याला निःपक्ष मंडळापुढे सुनावणी मिळालीच पाहिजे. तिथली व्यवस्था आदर्श आहे असं नव्हे, दर आठवड्याला 'मी अजून बेकार आहे' असं कळवता कळवता माणूस मेटाकुटीला येतो. पण सुनावणीचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे.

आपल्याकडे ईएसआयच्या १९४८ च्या कायद्यात लाभ मोजून सहा: आजारपण, बाळंतपण, अपंगत्व, अवलंबितांचा लाभ, औषधोपचार, अंत्यविधीचा खर्च. बेकारी त्या यादीत नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही हीच सहाची यादी आहे. म्हणजे बेकारभत्ता ही अजून योजना आहे, मुदत संपली की वाढवायची, दर वाटला तर बदलायचा. कायद्यातल्या लाभावरून वाद झाला तर कामगार विमा न्यायालयात जाता येतं. योजनेतल्या २७ हजारांसाठी तिथे उभं राहायचं, तर हा लाभ आहे की मेहेरबानी इथूनच वकील सुरुवात करणार, आणि त्याची फी त्यातच संपणार. महिन्याच्या 'सुविधा समागमा'त तक्रार मांडता येते, केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाकता येते. दोन्ही मी वापरून पाहिलं आहे. नाव-क्रमांकाची कामं तिथे खरोखर होतात. 'राजीनामा की कपात' हा प्रश्न तिथे सुटत नाही, कारण तो ठरवायचा अधिकारच समोरच्याकडे नसतो.

मला हवं आहे ते फार मोठं नाही. काम सुटल्याची तारीख आणि कारण कामगाराने स्वतः नोंदवावं. मालकाला ते कळवावं, पंधरा दिवसांत त्याने पुराव्यासह हरकत घ्यावी, आणि हरकत आली नाही तर कामगाराचं म्हणणं धरावं. नुसता राजीनाम्याचा कागद हा पुरावा मानू नये, विशेषतः एकाच आठवड्यात एकाच कारखान्यातल्या पन्नास जणांना कौटुंबिक कारण झालेलं असेल तेव्हा. ते संगणकाला एका क्षणात दिसतं, त्याला कुणी विचारत नाही इतकंच. दावा फेटाळला तर मराठीत, कारणासह, सहीनिशी, आणि अपील कुणाकडे किती दिवसांत हे त्याच कागदावर. अपील ऐकणारा अधिकारी वेगळा.

यातलं अवघड काय आहे? पीएफवाल्यांनी हे करून दाखवलं आहे. तिथेही पूर्वी नोकरी सुटल्याची तारीख मालकाने टाकल्याशिवाय पैसे निघत नसत आणि माणसं दोन-दोन वर्षं जुन्या कंपनीच्या गेटवर उभी असत. २०२० च्या सुरुवातीपासून शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला ती तारीख आधारच्या ओटीपीवर स्वतः टाकता येते. आभाळ कोसळलं नाही. खुद्द अटल योजनेतही आधी अर्ज मालकामार्फत जायचा, ऑगस्ट २०२० च्या निर्णयाने तो थेट शाखा कार्यालयात द्यायची सोय झाली. दार मालकाच्या हातातून काढून घेतलं, कडी तेवढी त्याच्याकडे राहिली.

लोक लबाडी करतील, हा आक्षेप माझ्या जुन्या साहेबांनीच घेतला. करतील काही. पण आकडे बघा: २१ हजारांच्या कमाल पगारावर नव्वद दिवसांचे होतात साडेएकतीस हजार, तेही आयुष्यात एकदा. यासाठी चालती नोकरी सोडणारा माणूस मला दाखवा, मी त्याचा फॉर्म फुकट भरीन (तसे मी सगळ्यांचेच फुकट भरतो). दुसरीकडे कामाला लागून भत्ता घेतला तर नव्या मालकाची वर्गणी त्याच क्रमांकावर दिसायला लागते. उलट लबाडी पकडायच्या नादात काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने घालून दिलं आहे. २०१३ मध्ये त्यांनी दावे तपासायला संगणक प्रणाली आणली. दोन वर्षांत सुमारे ४० हजार लोकांवर फसवणुकीचा ठपका बसला. नुसत्या यंत्राने ठरवलेल्या २२ हजारांहून जास्त प्रकरणांची पुढे फेरतपासणी झाली, तेव्हा ९३ टक्के ठपके खोटे निघाले. तोवर लोकांचे पगार आणि परतावे जप्त झालेले. म्हणून यंत्राला नोंदी जुळवू द्याव्यात, निवाडा माणसाने करावा, ऐकून करावा.

तोवर काय करायचं, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. 'येऊ नको' हा मेसेज पुसू नका. हिशेबासाठी सही करावीच लागली तर दोन-तीन दिवसांत कंपनीला स्पीड पोस्टने एक साधं पत्र टाका, की मला कामावरून कमी केलं, राजीनामा माझ्या मर्जीचा नाही. त्याची पावती पासबुकात ठेवा. आणि दावा फेटाळला तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून आपल्या दाव्याची पूर्ण फाईल मागा.

त्या वेल्डरने तेच केलं. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, चार पानं. तो ती घेऊन वाचनालयात आला, मी चष्मा काढून पुसत होतो. त्याने तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. त्याच्या नावाची ओळ, कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख, आणि पुढच्या रकान्यात एक आकडा. "काका, हा दोन म्हणजे काय हो?"

अर्थ मी त्याला लगेच सांगितला. तो आकडा कुणी टाकला होता, ते सांगायला मला आणखी पंधरा दिवस लागले.